आधी काय आलं, ते सांग

रविवारी सकाळी मी नांदेडच्या माझ्या भाड्याच्या स्वयंपाकघरात आठवड्याभराचा रस काढून ठेवते. मोसंबी, लिंबू, आले, ओली हळद, हिरवी मिरची आणि सर्वांत शेवटी काळी मिरी. बोटे पिवळी होतात, मिरचीचा हात कधी ना कधी डोळ्याला लागतोच, आणि ओट्यावर सालींचा ढीग पडतो. आता याला वेलनेस शॉट म्हणतात. आमच्या कार्यालयातल्या मुली तो इवल्याशा काचेच्या बाटलीत विकत घेतात, फोटो काढतात आणि मग पितात. त्याने प्रतिकारशक्ती वाढते का, असे त्या मला विचारतात, कारण मी अन्नशास्त्र शिकलेली आहे. एका घोटाने तसे काही होत नाही, हे मी त्यांना सांगते. मग तुम्ही कशाला करता, हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर देण्याइतका उत्साह सायंकाळपर्यंत माझ्यात बहुधा उरलेला नसतो. उत्तर लांब आहे. त्यात लातूरची एक ऑइल मिल आहे आणि तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या एक बाई आहेत.

मिलमध्ये मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना आपा म्हणत. मी एकटी मॅडम म्हणत असे. पदव्युत्तर शिक्षण नुकतेच संपवून आलेल्या मला 'आपा', म्हणजे थोरली बहीण, हे संबोधन व्यवसायाला शोभणारे वाटत नव्हते. त्यांनी मात्र मला कधी माझ्या नावाने हाक मारली नाही. माझे गाव इस्लापूरजवळ आहे, एवढे त्यांनी अर्जावर वाचले होते.

"तुझ्या नावाच्या लातुरात शंभर पोरी हायेत," त्या म्हणाल्या. "इस्लापूरची तू एकच. ए इस्लापूर, बस इकडं."

बसल्यावर त्यांनी माझ्या दिशेने एकदाच श्वास घेतला आणि मला वसतिगृहावर परत पाठवले. केसांना जास्वंदीचे तेल होते. "धुऊन ये. तेल लावून तेलाची परीक्षा करायला आलीस." विद्यापीठात पहिली आलेली मी नोकरीच्या पहिल्या दिवशी भर दुपारी वसतिगृहाच्या नळाखाली डोके धूत बसले होते. काही वर्षांत यांच्या खुर्चीवर बसायचे आणि मग इथूनही पुढे जायचे, हा बेत मी त्याच नळाखाली पक्का केला.

मॅडमच्या वडिलांचे उदगिरात अत्तराचे दुकान होते. त्यांचे बालपण त्या काउंटरच्या मागे गेले. सलग वास घेऊन नाक थकले की वडील त्यांना स्वतःच्याच बाहीचा वास घ्यायला लावत. आपल्या अंगाचा वास नाकाला सवयीचा असतो, त्याने ते पुन्हा कोरे होते. ही सवय त्यांनी रसायनशास्त्राच्या पदवीबरोबर मिलमध्ये आणली. तेलाचे दोन नमुने तपासताना मध्ये त्या कोपराजवळची बाही नाकाला लावत. नवख्या माणसाला वाटे, बाई रडू आवरत आहेत.

प्रयोगशाळेत पावडर, गजरा, कच्चा कांदा आणि सुगंधी साबण यांना मज्जाव होता. तेलाचा नमुना त्या छोट्या काचेच्या पेल्यात घेत, झाकत, तळहातावर धरून ऊब देत आणि मग झाकण सरकवून नाक पुढे नेत. यंत्रांचा त्यांनी कधी अनादर केला नाही. यंत्राचा आकडा आल्यावरही त्या पेला उचलत, एवढेच. एकदा करडईचे तेल भरायला आलेला रिकामा टँकर त्यांनी नुसता झाकणाजवळ उभे राहून परत पाठवला. ड्रायव्हर हात जोडून म्हणत होता, "आपा, धुऊन आणलाय हो."

"धुतलास, हौ. कशानं धुतलास ते मी सांगू, की तू सांगतोस?"

त्याने जोडलेले हात सोडले. शेवटी म्हणाला, "पाणी कुठं भेटंल प्यायला?" रॉकेलचे नाव कोणीच घेतले नाही.

नंतर तापाची ती दुसरी लाट आली. मॅडम पुष्कळ दिवस रजेवर होत्या. परत आल्या तेव्हा थोड्या वाळल्या होत्या, पण पेला तोच, बाही तीच. त्यांच्या विक्षिप्तपणात फक्त एका गोष्टीची भर पडली होती. दहाच्या चहाऐवजी त्यांनी घरून रस आणायला सुरुवात केली. भगभगीत पिवळा, तिखट, आंबट रस. तो प्यायला खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी प्लास्टिकची मापे होती. प्रयोगशाळेची भांडी तोंडाला लावणे त्यांना पाप वाटे. पहिले माप त्यांचे, दुसरे माझे, तिसरे आमच्या परिचराचे. परिचर वयाने मोठे होते, त्यांना सगळे मामा म्हणत.

"आपा, यानं गुडघे थांबतेत का?" मामांनी पहिल्या दिवशी विचारले.

"गुडघे थांबत न्हाईत. पी."

"मग कशासाठी म्हणायचं हे?"

"पिऊन लगेच बोलू नक्को. गिळ. थांब. आधी काय आलं, ते सांग."

"आंबट."

"आंबट माझ्या दुधपित्या नातवालाबी कळतं. आंबटाच्या आधी?"

त्यांना नातू नव्हता. लग्नही झालेले नव्हते. पण वाक्याच्या सोयीसाठी त्या नातेवाईक निर्माण करीत.

हा प्रकार मला वेळेचा अपव्यय वाटला. कामाचे नमुने रांगेत असताना रोज तीन माणसांनी घोट गिळून वर पाहत बसायचे, याला काही अर्थ नव्हता. पण त्या प्रश्न सोडत नसत. हळूहळू माझ्या लक्षात आले की आंबटाच्या आधी सालीचा वास येतो, कारण त्यातले तेल आधी उडते. आले जिभेवर नंतर लागते आणि घशामागून नाकात चढते. हळदीचा मातकट वास अगदी शेवटी उरतो. मी सांगत जाई आणि मॅडम डोळे मिटून ऐकत. कधी म्हणत, "परत सांग, सालीचं." रोज त्यात काही बदललेले असे. एक दिवस लिंबू शिळे, एक दिवस मोसंबी जास्त. माझ्या उत्तरांना त्या विरोध करीत तो फक्त दोन बाबतींत, तिखट आणि आंबट. "मिरची आज कमी हाय, इस्लापूर, तू उगंच घाबरलीस." ही नोंद माझ्या मनात झाली होती. निष्कर्ष मात्र मी काढला नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावले. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. रस कसा करायचा, हे मला शिकायला हवे, असा त्यांचा आदेश होता.

"मिक्सर नक्को. बी भरडली की कडू होतं." लिंबू त्यांनी ओट्यावर तळहाताखाली दाबून फिरवले आणि मग चिरले. आले आणि हळद किसणीवर उतरवली. मिरची वाटली नाही. मधोमध चीर देऊन रसात बुडवून ठेवली आणि जिभेवर थेंब घेऊन बघत राहिल्या. पुरेशी आग उतरल्यावर मिरची काढून टाकली. "आत ठेवली तर उद्यापर्यंत चढत जाती. परवा मामाचे डोळे गेले असते." मग जुन्या मलमलच्या ओढणीच्या तुकड्यातून सगळे पिळून घेतले, आणि मिरी ताजी भरडून वर टाकली.

"हे शिकलात कुठे?"

"भाचीनं हैदराबादेहून व्हिडिओ पाठवला. एक गोरी बाई हसत हसत पिते आणि कायबाय सांगते. त्यातलं काय खरं न्हाई." त्या तुकडा धुऊ लागल्या. "पण तापात पडले होते तेव्हा एवढंच लागायचं तोंडाला."

आजाऱ्याची रुची गेली असेल, इतकाच अर्थ मी घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ आली. मॅडमनी मापे भरली. माझे माप ओठांपर्यंत पोचण्याआधीच मला डांबरगोळीचा वास आला. पुसट वगैरे नव्हे. गरम कपड्यांची पेटी उघडावी तसा. मामांनी तोपर्यंत घोट गिळला होता. "बेस झालंय आपा," ते म्हणाले. मॅडमनी स्वतःचे माप संपवले, ओठ पुसले.

"आज लिंबू ताजं होतं," त्या म्हणाल्या. "आंबट चांगलं उतरलं."

मी माप टेबलावर ठेवले. "मॅडम, याला डांबरगोळीचा वास येतो आहे."

मामांनी फरशीकडे पाहिले. मॅडमनी रिकामे माप नमुन्यासारखे नाकाजवळ नेले. मग बाही नाकाला लावली. मग पुन्हा माप.

"जुना तुकडा फाटला," त्या सावकाश म्हणाल्या. "नवा संदुकीतून काढला." म्हणजे वास त्यांना आला नव्हता, त्याचे कारण त्यांनी आठवून काढले होते. मग मामांकडे वळल्या. "तुला आला न्हाई वास?"

"आला की."

"मग पिलास कायकू?"

"तुम्ही पिल्या, म्हणून मी बी पिलो."

त्यांनी बाटली उचलली, बाहेरच्या मोरीत ओतली आणि मामांना कंपनीच्या डॉक्टरकडे पाठवून दिले. त्यांना काही झाले नाही. एका घोटात काही झाले नसतेच, पण मॅडम ऐकायला तयार नव्हत्या, आणि स्वतः मात्र गेल्या नाहीत.

दुपारी त्यांनी मला आत बोलावून दार लोटले. मी थेट विचारले, केव्हापासून. तापापासून, त्या म्हणाल्या. तिखट कळते, आंबट कळते, आल्याची जळजळ कळते, बाकी सगळे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे. न विचारताच मी त्यांना कारण सांगितले. वासाच्या पेशी नाकाच्या छताशी असतात, मिरचीची आग वेगळ्याच मज्जातंतूवरून जाते, म्हणून एक गेले तरी दुसरे उरते.

"म्हणजे आग कळती, धूर कळत न्हाई," त्या म्हणाल्या.

"काही जणांचा वास परत येतो."

"ते ऐकलंय. रोज सकाळी त्याचीच तर वाट बघते. पिते, आणि बघते की आज सालीचं काही येतं का. न्हाई आलं की तुला विचारते." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मालकाला सांगशील?"

"विचारले तर खोटे बोलणार नाही."

"खोटं बोल म्हणून मी सांगितलंच न्हाई. तुला ही खुर्ची पाहिजे, हे मला जास्वंदीच्या दिवसापासून ठाऊक हाय. घे. पण तुझं नाक अजून खुर्चीच्या लायकीचं न्हाई. ते आधी करू."

खुर्ची गेली तर त्यांच्यापाशी काय उरणार, हे मला दिसत होते. उदगिरात भावाचे घर होते. तिथे त्या पाहुण्या ठरल्या असत्या. मिलमध्ये त्या आपा होत्या, आणि आपा असण्याचे सगळे भांडवल त्या नाकात होते. ते परत येईपर्यंतचा अवधी त्यांना हवा होता. म्हणून आम्ही एक पद्धत ठरवली. पेला मी हुंगायचा, जे येईल ते क्रमाने सांगायचे, आणि अर्थ त्यांनी लावायचा. "गवत म्हणालीस, ओलं की वाळलेलं?" "वाळलेले." "मग चालतं. पुढं?" मालकांनी विचारले तर मी ठरल्याप्रमाणे खरे सांगितले असते, त्यांनी विचारले नाही. माझ्यापुढे पेला धरून बसलेल्या मॅडमना पाहून बाहेरच्यांना वाटे, आपा पोरीला शिकवून राहिल्या. तेही खरेच होते. एकाच नाकावर दोन माणसांचे काम चालले होते आणि संध्याकाळी माझे कपाळ ठणकत असे.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मोठ्या गिऱ्हाइकाचा टँकर फाटकाशी उभा होता आणि साठवणीच्या टाकीतले करडईचे तेल त्यात भरायचे होते. तेल किती खवटले ते सांगणारा पेरॉक्साइडचा आकडा मर्यादेच्या पुष्कळ आत होता. मी पेला हुंगला. सुरुवातीला काही नाही. मग तळाशी, अगदी शेवटी, रंगाचा जुना डबा उघडल्यासारखे. बाही नाकाला लावून पुन्हा घेतला. तेच.

"खवट आहे," मी म्हणाले.

मालक स्वतः आले होते. माणूस वाईट नव्हता, पण सणाचा भार त्याच्या डोक्यावर होता. "आकडा बरोबर हाय ना, बाई? मग?"

मी सांगितले की तेल जुने होत जाते तसा हा आकडा आधी चढतो आणि मग उतरूही लागतो. उतरलेला आकडा ताज्या तेलाचाही असू शकतो आणि बिघडलेल्याचाही. फरक सांगणारी दुसरी चाचणी आपल्याकडे होत नाही. नमुना बाहेर पाठवावा लागेल.

"म्हणजे निस्त्या तुझ्या नाकावर टँकर उभा करू?" ते मॅडमकडे वळले. "आपा, तुम्ही सांगा. तुम्ही घेतला का वास?"

इथे एक 'हौ' पुरला असता. त्यांनी तो उच्चारला असता तर टँकर थांबला असता, खुर्ची राहिली असती, आणि त्यात फसवणूक कोणाचीच झाली नसती. तेल खवट होतेच. मी त्यांच्याकडे पाहिले, आणि माझ्या नजरेत ती विनंती असावी.

"मला वास येत न्हाई," मॅडम म्हणाल्या. "तापापासून. हिला येतो. मागच्या होळीपासून मिलमधनं गेलेलं सगळं तेल हिनं हुंगलंय. एक तक्रार आली का?"

मालकांनी फाटकाशी उभ्या टँकरकडे पाहिले. मग म्हणाले, "टँकरवाल्याला चहा द्या," आणि निघून गेले. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला. अहवाल आला तेव्हा तेल परत शुद्धीकरणाला घेतले.

मालकांनी त्यांना काढले नाही, हे सांगितले पाहिजे. "नुसतं बसून ऱ्हावा आपा, नावाला," ते म्हणाले. "बसायला उदगिरात ओटा हाय," असे उत्तर त्यांनी दिले. जायच्या दिवशी मी त्यांना विचारले की तुम्ही 'हौ' का म्हणाला नाहीत. त्या खणातली औषधाची मापे गोळा करीत होत्या.

"हौ म्हटलं असतं तर तो टँकर माझ्या नाकावर थांबला असता. पुढचा टँकर आला तेव्हा तुला कोण विचारलं असतं?"

एक माप त्यांनी माझ्यासाठी ठेवले.

खुर्ची मला मिळाली, आणि तिथून ठरवल्याप्रमाणे पुढेही गेले. नांदेडच्या मोठ्या प्रयोगशाळेत आता माझ्या हाताखाली पुष्कळ माणसे आहेत. ती हुशार आहेत. मी पेला ठेवताना माझा चेहरा पाहतात आणि मग उत्तर देतात. कार्यालयातल्या त्या मुलींना द्यायचे उत्तर खरे तर एवढेच आहे: तो रस मी तब्येतीसाठी पीत नाही. रोज सकाळी, कोणाचा चेहरा समोर नसताना, आधी काय आले ते मी स्वतःला सांगते. अलीकडे कधी कधी काहीच सांगावेसे वाटत नाही. गिळते आणि निघते.

मागच्या महिन्यात तपासणीचा एक जड आठवडा संपवून मी एसटीने उदगीरला गेले. मॅडम ओट्यावर बसल्या होत्या. घरात त्यांच्या भावजयीने फोडणी घातली होती. गल्लीच्या तोंडापर्यंत खमंग वास होता आणि त्यांच्यापर्यंत तो पोचत नव्हता. नाक परतलेले नाही. क्वचित काही जळाल्यासारखे येते, पण तेव्हा काही जळत नसते. तो त्यांनी आत जाऊन तपासून पाहिलेला निष्कर्ष होता.

त्यांनी बाटली आणली, औषधाची दोन मापे भरली. आम्ही प्यालो.

"आधी काय आलं, ते सांग."

पाठ दुखत होती. रस्ता अजून अंगात हादरत होता. "बेस झालंय, मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझे माप पुन्हा भरले आणि समोर सरकवले.

"परत पी."

मी बाही नाकाला लावली. एसटीच्या सीटचा, डिझेलचा आणि माझा स्वतःचा वास. मग घोट घेतला, गिळला, थांबले.

"आधी साल," मी म्हणाले. "मोसंबीची, लिंबाची नाही. मग आंबट. मग आले, पण ते जून आहे, धागे फार होते. मिरी. हळद कमी आहे." मी थांबले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "आणि शेवटी रंगाचा जुना डबा."

"नक्की?"

"नक्की. यात खवट तेल आहे."

"एकच थेंब टाकला होता," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "दमलीस?"

"हो."

"टँकर दमलेल्या दिवशीच येतो, इस्लापूर," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही मापे विसळायला आत गेल्या.